भीड, आतला मुकादम आणि दोनशे पानी वही

ओसरी :

विषय तीन गोष्टींचा आहे, पण तिन्ही एकाच दोरीत ओवलेल्या आहेत: स्वतःला सतत झोडपत राहणं, खटका उडू नये म्हणून मन मारणं, आणि ‘आपण कमीच’ ही मुरलेली समजूत. धाग्याची अट एकच, आपबीती नको. (त्यासाठीचे धागे ओसंडून वाहताहेत.) इथे कृती लिहा: काय करायचं, किती वेळ, कुठे बिघडतं आणि का.

आधी हे चक्र फिरतं कसं ते बघू. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, “एवढी एक्सेल शीट सोमवारपर्यंत बघशील ना?” पोटात गोळा येतो. तोंडातून “हो, बघतो ना” निघून जातं आणि दोन सेकंदांत गोळा विरतो. हे विरणं म्हणजे बक्षीस. ‘हो’ म्हटलं की सुटका, एवढं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळचं ‘हो’ आणखी लवकर येतं. रविवारी रात्री शीट तशीच पडलेली असते. मग आतला मुकादम सुरू होतो: “साधं नाही म्हणता येत नाही तुला. बुळ्या आहेस.” हा शेरा खरा मानला की स्वतःच्या नजरेतली किंमत एक इंच खाली येते, आणि तेवढ्यानेच पुढचा नकार जड होतो. भिडेला आपण स्वभाव म्हणतो, पण ती पोसली जाते सुटकेवर, कुठल्याही सवयीसारखी. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण नुसत्या उसनवारीपुरती नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल: ‘आत्मसन्मान वाढवा’ हा सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवतो. वाढवायचा म्हटलं की मोजणं आलं, आणि मोजायची सवय हाच तर मूळ आजार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली (मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती, डॉ. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली), तिचं म्हणणं असं की कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. ‘नकार देता आला नाही, हे चुकलं’ इथे थांबायचं. ‘म्हणून मी बुळ्या’ ही पुढची उडी मारायची नाही.

हे रोजच्या दिवसात आणायचं साधन म्हणजे वही. दोनशे पानी वही आडवी धरा, पानावर पाच रकाने आखा:

१. प्रसंग. एका ओळीत, कॅमेऱ्याने टिपावा तसा. ‘साहेबांनी अपमान केला’ असं नको. ‘साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, हा आकडा पुन्हा तपासा.’
२. मनातलं वाक्य, शब्दशः. शिवी असेल तर शिवीसकट.
३. भावना आणि तिचा आकडा, ० ते १००.
४. उलटतपासणी.
५. नवं वाक्य, आणि पुन्हा आकडा.

दिवसाला एकच प्रसंग, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. अंथरुणात नाही, जेवणाच्या टेबलावर बसून. चौथ्या रकान्यात सगळे अडकतात, त्यावर जाणकारांनी लिहावं.

अर्धा_कप :

वाखूत (वाचनखुणांत) टाकलं. एक शंका: वही लिहून लोकांना आणखी वाईट वाटतं असं बऱ्याचदा वाचनात येतं. दोन आठवड्यांत वही म्हणजे तक्रारवही होते. ते का?

निळी_शाई :

@अर्धा_कप, कारण बहुतेक वह्यांत पहिले तीनच रकाने भरलेले असतात. चौथा-पाचवा रिकामा ठेवला तर तो नुसता रवंथ झाला, फक्त शाईने केलेला. वेळ कमी असेल तर प्रसंग छोटा घ्या, पण पाचही रकाने भरा.

नेहमीच्या चुका:

दुसऱ्या रकान्यात प्रश्न लिहिणं. ‘मीच का?’ ‘ती रागावली असेल का?’ प्रश्नाची उलटतपासणी होत नाही, विधानाची होते. म्हणून प्रश्नाला विधान करायचं: ‘ती रागावली आहे, आणि ती रागावली म्हणजे मी वाईट माणूस आहे.’ आता पकडायला काहीतरी सापडलं.

भावनेच्या जागी विचार लिहिणं. ‘मला वाटलं की मला गृहीत धरतात’ हा विचार झाला. भावना बहुधा एका शब्दात मावते: राग, लाज, भीती, अपराधीपणा, उदासी. ‘वाटलं’ या मराठी क्रियापदाने घोळ घातलाय. विचार आणि भावना दोन्हींना आपण तेच वापरतो.

आणि पाचव्या रकान्यात शून्याची अपेक्षा धरणं. ऐंशीचा आकडा पन्नासवर आला तर काम झालं. चूक झाल्यावर वाईट वाटायलाच हवं. खेद राहील, पण अंगावर चढून बसलेला अपराधीपणा उतरेल. या पद्धतीत अशा जोड्या मुद्दाम वेगळ्या ठेवतात, कारण खेद माणसाला माफी मागायला उठवतो आणि अपराधीपणा त्याला पांघरुणात घालतो.

काटकोन :

चौथ्या रकान्यासाठी मराठी माणसाला एक फुकटचं हत्यार मिळालंय: ‘च’.

दुसऱ्या रकान्यातलं वाक्य घ्या आणि लाल पेनने प्रत्येक ‘च’ला गोल करा. एलिस यांनी माणसाला छळणाऱ्या विचारांचे जे चार साचे सांगितले, ते चारही मराठीत बहुधा ‘च’ घालूनच येतात.

‘मला जमलंच पाहिजे.’ ही हट्टाची मागणी.
‘आता संपलंच सगळं.’ हा बाऊ.
‘मला हे सहनच होणार नाही.’ हे स्वतःच्या ताकदीला कमी लेखणं.
‘मी आहेच असा.’ हा शिक्का.

‘रविवारीच येतो’ यातला ‘च’ निरुपद्रवी, त्याला सोडून द्या. बाकी चार प्रकारांतला सापडला की त्याच वाक्याला तीन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने:

पुरावा काय? म्हणजे कोर्टात चालेल असा. ‘सगळ्यांना कळलं’ म्हटलंत तर सगळे म्हणजे कोण, नावं लिहा. सहसा दोन निघतात.

एकातून दुसरं निघतं का? आकडा चुकला, इथपर्यंत ठीक. आकडा चुकला म्हणून माणूस कुचकामी, हे कुठल्या न्यायाने? मीठ जास्त पडलेली आमटी वाईट असते. तेवढ्याने करणारी वाईट स्वयंपाकीण ठरत नाही, आणि वाईट बाई तर नाहीच नाही.

हे मानून मला काय मिळतंय? हा प्रश्न लोक गाळतात. मुकादमाचा बचाव ठरलेला असतो: ‘मी ओरडतो म्हणून तू काम करतोस.’ तपासून बघा. मागच्या दहा वेळा स्वतःला झोडपल्यावर पुढच्या तासाभरात काम झालं, की फोन हातात घेऊन लोळणं झालं? दहाचा हिशेब मांडा. बहुतेक वह्यांत उत्तर मुकादमाच्या विरोधात जातं.

मग पाचव्या रकान्यात ‘च’ काढून वाक्य पुन्हा लिहायचं. ‘मला जमलंच पाहिजे’चं ‘मला जमावं असं फार वाटतं, नाही जमलं तर वाईट वाटेल, पण मी पुन्हा करून बघू शकतो.’ वाक्य लांबतं. लांबू द्या, खरी वाक्यं बहुधा लांब असतात.

बिनसाखर :

एवढा खटाटोप कशाला? सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम आहे, मी प्रेमास पात्र आहे’ असं दहा वेळा म्हणायचं. साधं, सोपं, फुकट. सगळे सांगतात.

निळी_शाई :

सगळे सांगतात, आणि ज्यांना गरज नाही त्यांना ते चालतंही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ‘मी प्रेमास पात्र आहे’ हे वाक्य घोकल्यावर ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना न घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. कारण उघड आहे: वाक्य इतकं लांबचं की आतून लगेच ‘कसला पात्र!’ असा आवाज येतो आणि दिवसाची सुरुवात वादात हरून होते.

त्याऐवजी पुराव्याची नोंद ठेवा. वहीच्या मागच्या बाजूने उलट सुरू करायची. रोज तीन ओळी, प्रत्येक ओळीत क्रियापद हवं. ‘मी समंजस आहे’ बाद. ‘बँकेत फोन करून चुकीचा कापलेला आकार परत मागितला’ चालेल. ‘चिडलो होतो तरी मुलाचा गृहपाठ घेतला’ चालेल. विशेषण आलं की खोडायचं. तीन सापडत नसतील तर एक लिहा, पण ओळ कोरी नको. मुरलेल्या समजुतीची खोड अशी की तिच्या विरुद्धचा पुरावा ती गाळून टाकते, ‘हे काय, कुणीही केलं असतं’ म्हणून. त्यामुळे त्याच दिवशी लिहिलं नाही तर रात्री उरत नाही.

एक पोटकलम: कुणी कौतुक केलं तर “छे छे, त्यात काय एवढं” आपोआप बाहेर पडतं. आठवडाभर फक्त “थँक यू, बरं वाटलं” म्हणायचं आणि तोंड बंद. उलट कौतुक नाही, खुलासा नाही. ऐकायला किरकोळ आहे, करून बघा कसं अंगावर येतं ते.

ओसरी :

यात भर. ‘माझंच चुकलं’ हे ज्यांचं पालुपद आहे त्यांच्यासाठी जबाबदारीची पोळी.

कागदावर मोठी पोळी काढा. उदाहरण, मुलीला दहावीत अपेक्षेपेक्षा कमी मार्क आणि आईच्या डोक्यात ‘मी नोकरी केली म्हणून’. आधी शेजारी यादी करायची: मुलीचा स्वतःचा अभ्यास, डिसेंबरातलं आजारपण, मध्येच बदललेला क्लास, गणिताचा अवघड पेपर, वडिलांचं फिरतीचं काम, आईची नोकरी. आता टक्के द्यायचे, बेरीज शंभर. स्वतःचा वाटा शेवटी कापायचा. क्रम उलटला की खेळ बिघडतो; आधी स्वतःला वाढलं की नव्वद टक्के पोळी संपते आणि बाकीच्यांना पोपडे उरतात. शेवटी कापल्यावर स्वतःचे दहा-पंधरा टक्के राहतात. ते नाकारायचे नाहीत. त्या पंधरा टक्क्यांचं पुढच्या महिन्यात काय करणार, ते एक ओळ लिहायचं.

तिखटमीठ :

वहीचं झालं, आता तोंडाकडे या. भीड वहीत सुटत नाही, ती समोरच्या माणसापुढे सुटते.

आधी शिडी करा. चिंतेला ० ते १०० आकडा देण्याची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. भीती पायरीपायरीने मोडायची ती याच मापाने. दहाएक प्रसंग लिहा, आकडे द्या, चढत्या क्रमाने लावा. नमुना:

२० : वाण्याकडे सुट्ट्या पैशांच्या बदल्यात दिलेलं चॉकलेट परत करून पैसे मागणं.
३० : हॉटेलात गार आलेली भाजी गरम करून मागणं.
४० : दुकानात पाच साड्या उलगडून बघून एकही न घेता “आवडली नाही, येते” म्हणून निघणं.
५५ : मित्रमंडळाच्या ग्रुपवर “या रविवारी मी येत नाहीये” लिहिणं, कारण न देता.
७० : शुक्रवारच्या त्या एक्सेल शीटला नाही म्हणणं.
९० : आत्याला पैसे देत नाही असं सांगणं.

सुरुवात वीसपासून. आठवड्यात तीन-चार वेळा तीच पायरी, चिंतेचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत. मग पुढची. घोटाळा होतो तो असा: चार लेख वाचून तावातावाने थेट नव्वदला हात घालतात, आवाज थरथरतो, आत्या रडते, आणि ‘बघा, नकाराने हेच होतं’ हा धडा कायमचा बसतो.

आता शब्द. मराठीतला सगळ्यात महागडा शब्द ‘बघतो’. बोलणाऱ्याच्या लेखी तो नकार असतो, ऐकणाऱ्याच्या लेखी होकार. ‘करू काहीतरी’, ‘सांगते नंतर’ ही त्याचीच भावंडं. खरंच विचार करायला वेळ हवा असेल तर तारीख घाला: “उद्या दुपारी बारापर्यंत कळवते.” आणि कळवा.

दुसरा सापळा कारणाचा. गाडी मागणाऱ्याला “गाडी सर्व्हिसिंगला दिलीय” म्हटलं की उत्तर येतं, “मग परवा दे.” कारण म्हणजे समोरच्याला सोडवायला दिलेलं गणित, तो ते प्रामाणिकपणे सोडवतो. म्हणून:

“आत्या, पैसे देणं मला जमणार नाही.”
“अगं, तीनच महिन्यांचा प्रश्न आहे.”
“तुझी अडचण कळतेय मला. पैसे देणं जमणार नाही.”
“तुझ्या बाबांनी कधी असं केलं नसतं हो.”
“नसतं केलं कदाचित. मला जमणार नाही, आत्या.”

वाक्य तेच, पट्टी तीच. घासलेली तबकडी कशी त्याच ओळीवर अडकते, तसं. तिसऱ्या उत्तरात एक बारकी गोष्ट आहे: बाबांचा टोला नाकारला नाही आणि त्यावर वादही घातला नाही. ‘असेल कदाचित’ म्हणून त्याला जाऊ दिलं. धुक्यात दगड मारल्यासारखं होतं, आपटत काही नाही. तीन वेळा म्हणून झालं की विषय बदला किंवा चहा टाकायला उठा.

आणि शांतता. नकारानंतरचे पाच सेकंद फार लांब वाटतात. त्या पाच सेकंदांत माणूस “बरं, निम्मे देते” म्हणून मोकळा होतो. पायाचा अंगठा जमिनीवर दाबून मनात पाच मोजा. हसू नका, भिडस्त माणसाला हे शरीरानेच शिकावं लागतं.

अर्धा_कप :

तिखटमीठ, हे दुकानात ठीक, पण घरात ‘तबकडी’ उद्धट वाटणार नाही का? सासूबाईंशी, मोठ्या दिरांशी? आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर ‘नाही’ हाच उद्धटपणा समजतात.

तिखटमीठ :

वाटेल, पहिल्या दोन-तीन वेळा. म्हणून नकाराच्या शेजारी काय जमेल ते ठेवायचं, पण खरोखर जमणारं. “आई, रविवारी पंचवीस माणसांचा स्वयंपाक मला एकटीला नाही होणार. पोळ्या बाहेरून आणू, भाजी-आमटी मी करते.” आदर ‘अहो-जाहो’त आणि आवाजात ठेवा, होकारात कोंबू नका. उत्तराची जागाही महत्त्वाची: चार पाहुण्यांसमोर सांगितलं तर मोठ्यांना आपली पत गेली असं वाटतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. स्वयंपाकघरात, दोघीच असताना, शक्यतो आदल्या दिवशी.

गच्चीवरून :

थोडं थांबवतो, कारण हे इथे लिहिलं गेलंच पाहिजे (हो, हा ‘च’ राहू द्या). ज्या घरात विरोध केल्यावर मार बसतो, पैसे बंद होतात, मुलं हिसकावली जातात, तिथलं गप्प राहणं ही भीड नव्हे, तो जीव वाचवण्याचा हिशेब आहे. तिथे शिडी चढायची नाही. आधी मदत: महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. मारहाणच नव्हे, शिवीगाळ आणि पैशाची कोंडीही त्या कायद्याच्या व्याख्येत येते. मगच बाकीचं.

तिखटमीठ :

पूर्ण मान्य. मूळ पोस्टमध्येच हवं होतं.

काटकोन :

नकार हा भिडेचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे तक्रार, आणि ती जास्त अवघड, कारण नकारात समोरचा सुरुवात करतो, तक्रारीत आपल्याला करावी लागते.

सोसायटीतलं नेहमीचं उदाहरण घेऊ: वरच्या मजल्यावरून बाथरूमची गळती. भिडस्त माणूस तीन महिने छताखाली बादली ठेवतो. जिन्यात भेटल्यावर हसून “काय, जेवण झालं का?” विचारतो. मग एके दिवशी लिफ्टमध्ये म्हणतो, “तुमच्याकडे पाण्याची चंगळ दिसते, आमच्याकडेही पोचते हो!” भिडेने अडवलेला राग टोमण्यातून झिरपतो, छतातल्या पाण्यासारखाच: पडतो एकीकडे, उगम दुसरीकडे. समोरच्याला टोचणी कळते, मागणी कळत नाही. तो दुखावतो आणि पाइप तसाच राहतो.

चार तुकड्यांचं वाक्य तयार करा, आधी कागदावर:

दिसतंय काय: “काका, आमच्या बाथरूमच्या छताला दोन फूट ओल आलीय, तीन आठवडे झाले.”
होतंय काय: “पोपडे गीझरवर पडताहेत, करंटची भीती वाटते.”
हवंय काय: “तुमच्या बाथरूमचा ट्रॅप आणि पाइपचा जोड प्लंबरला दाखवायचाय.”
कधी: “रविवारी अकराला मी प्लंबर आणतो, चालेल? नसेल तर शनिवारी सकाळी.”

‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुम्ही लोक’ हे शब्द खोडा. पुरावा मोबाइलवर तयार ठेवा, छताचा फोटो. पहिली वेळ तोंडी आणि दारात उभं राहून. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे सत्तर जण बघताहेत म्हटल्यावर काका पाइपाऐवजी अब्रू वाचवतील. रविवार हुकला तर तेच वाक्य पुन्हा, नवीन तारखेसह. दुसरा हुकला की सेक्रेटरींना लेखी अर्ज. अर्ज देणं म्हणजे भांडण नव्हे, पुढची पायरी.

सराव मोठ्याने करा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य नेहमी छान येतं. तोंडाने म्हणताना तिसऱ्या तुकड्यावर आवाज पडतो, कारण तिथे मागणी आहे. तेवढा तुकडा पाच वेळा म्हणा.

बिनसाखर :

आरसा मागे घेतला. :) पण एक विचारतो. या सगळ्यात माणूस स्वतःचे फारच लाड करतोय असं नाही का होत? थोडा चाबूक हवाच.

ओसरी :

लाड म्हणजे चूक लपवणं. इथे चूक पहिल्या रकान्यात तारखेसह लिहिलेली आहे, लपवणार कुठे?

स्वतःशी ममतेने वागण्यावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये जी मांडणी केली तिच्यात तीन भाग आहेत: झोडपण्याऐवजी आपुलकी, ‘मी एकटाच असा’ ऐवजी ‘हे माणसांचं होतं’, आणि दुःखात वाहून न जाता त्याच्याकडे बघणं. करायला सोपा प्रकार असा: मुकादमाची ओळ घ्या, ‘गाढवा, साधा मेल पाठवता येत नाही तुला?’ आता तीच चूक धाकट्या बहिणीने केली आहे समजा, आणि तिला तुम्ही काय म्हणाल ते लिहा. “अगं, अटॅचमेंट राहिलं ना? परत पाठव आणि एक ओळ सॉरीची टाक.” यात चूक आहे, उपाय आहे, गाढव नाही. लोक अडतात कुठे, तर शब्द बहिणीचे लिहितात आणि वाचताना सूर मुकादमाचाच लावतात. म्हणून तेही मोठ्याने.

चाबकाबद्दल एक. एलिस एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची जबर भीती होती. ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचंच, असा नेम त्यांनी केला. महिन्याभरात शंभर जणींशी बोलले. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. यशाच्या हिशेबाने भोपळा, पण शंभर नकारांनंतरही आभाळ कोसळलं नाही आणि भीती ओसरली. चाबूक धरून बसले असते तर तिसऱ्या बाकावरून घरी गेले असते.

निळी_शाई :

सवय टिकवण्याबद्दल थोडं. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात (२०१० मध्ये छापून आला) सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे त्यातलं कामाचं. नेमकं इथेच स्वतःवर टीका करणारा माणूस अडखळतो: एक दिवस वही राहिली की मुकादम ‘हेही जमत नाही तुला’ म्हणतो आणि वही कपाटात जाते. म्हणून पहिल्याच पानावर नियम लिहा: चुकलेल्या दिवसाची भरपाई नाही, दुसऱ्या दिवशी फक्त त्या दिवसाचं.

वेळ घड्याळाला बांधू नका, आधीच्या कामाला बांधा. ‘रात्री साडेनऊला’ पेक्षा ‘ओटा पुसून झाला की वही’ जास्त टिकतं. रात्री डोक्यात घोळ सुरू झाला तर एकच शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलेली वीस मिनिटं त्याला द्या. झोपायच्या आधीच्या दोन तासांत ती वीस मिनिटं नकोत. संध्याकाळपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या वाचून ‘हे काय लिहिलंय’ असं होतं.

झोप, जेवण, अर्धा तास चालणं हे सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही. एवढंच, की उपाशी आणि अर्धवट झोपेत चौथा रकाना भरत नाही.

गच्चीवरून :

वहीची हद्द कुठे संपते तेही लिहू या. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, आपण ओझं आहोत असं वाटणं: ही नैराश्याची लक्षणं असू शकतात, तिथे धागे वाचत बसू नये. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जीव नकोसा होण्याचे विचार असतील तर आजच, आत्ता, आणि घरातल्या एका माणसाला सांगून.

कोणाकडे जायचं यात घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. (शिडीवरची तीसची पायरी समजा.) ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून विवेकनिष्ठ विचारांवर मराठीत काम करते आहे. पहिल्या भेटीला जाताना वहीची पाच पानं घेऊन जा, तासातला अर्धा वेळ वाचतो.

अर्धा_कप :

नमुना नोंद करून बघते, तपासून द्याल का? काल्पनिक आहे, अटीत बसते.

प्रसंग: मैत्रिणीने मेसेज वाचला, निळ्या खुणा आल्या, चार तास उत्तर नाही.
वाक्य: मी काही चुकीचं लिहिलं का?
भावना: मला वाटलं ती मला टाळतेय, ७०.
उलटतपासणी: ती कामात असेल.
नवं वाक्य: ती मला टाळूच शकत नाही. २०.

निळी_शाई :

पहिला रकाना उत्तम, कॅमेऱ्याने टिपलेला. पुढचं बघू.

दुसऱ्यात प्रश्नचिन्ह आहे. पूर्णविराम द्या: ‘मी चुकीचं लिहिलं, म्हणून ती टाळतेय, म्हणजे मी कुणाला नकोशी.’ तिसऱ्यात फक्त ‘भीती ७०’. चौथ्यात तुम्ही तिची बाजू मांडलीत, स्वतःच्या वाक्याची तपासणी राहिलीच. समजा ती खरंच टाळतेय, तरी ‘नकोशी’ कुठून आलं?

काटकोन :

आणि पाचव्यात ‘टाळूच’. लाल पेन घ्या.

अर्धा_कप :

अरे हो की! :) ‘ती टाळत असेलही. तसं असलं तर मला वाईट वाटेल, आणि मी तिला विचारू शकते.’ ४५?

निळी_शाई :

४५ चालेल. विचारण्याची पायरी शिडीवर कितीची, ते शेजारी लिहून ठेवा.